पुसलेलं चाक

“...आणि एकही लाल रेघ उठली नाही?”

“एकही नाही, उस्ताद. बघा ना, चाक कसं लख्ख आहे.”

दस्तगीर मुजावर म्हणजे आमच्या हँगरमधले सर्वांत जुने तपासनीस. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. ते टेबलापाशी आले. टेबलावर हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधलं दातेरी चाक होतं.

ठरावीक तास उडून झालं की हे चाक बाहेर काढायचं आणि कुठे तडा गेलाय का बघायचं, असा सक्तीचा नियम आहे. लाल रंग लावायचा. तो मुरू द्यायचा. वरवरचा पुसून पांढरी पूड मारायची. तडा असला तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर उठतो.

चाक तपासणारा श्रीरंग पोतनीस नुकताच परीक्षेत पहिला आलेला. तोरा तर असा, की विचारू नका.

“रंग पुसलास कशानं?”

“पुसतोय कशाला? थिनरचा फवारा मारला थेट. दोन मिनिटांत साफ! तुमच्यासारखं फडकं घेऊन बसलो असतो तर... तीन वाजता सात माणसं समुद्रातल्या तेलविहिरीवर जायचीयत. कॅप्टन दोनदा डोकावून गेले.”

स्टोअरच्या खिडकीतून मी ऐकत होते. त्या सातांत माझा धाकटा भाऊ होता. असा संताप आला, की हातातला पाना फेकून मारावासा वाटला.

उस्तादांनी श्रीरंगचा हात खसकन ओढला. ब्रश लाल रंगात बुडवून त्याच्या तळहातावर फासला.

“अहो, काय करताय!”

“गप्प!”

रंग मुरल्यावर फडक्यानं तो हात पुसला. तळहातावरच्या रेषा लालभडक राहिल्या.

थिनरचा डबा उचलून त्यांनी फवारा मारला. हात लख्ख झाला, रेषांत मुरलेला रंगही धुऊन गेला.

“गेल्या का रे रेषा तुझ्या?” उस्ताद ओरडले. सगळं हँगर वळून बघायला लागलं.

“चाक धू. पहिल्यापासून कर.”

“पण कॅप्टन...”

“त्याला म्हणावं, एवढी घाई असेल तर पोहत जा.”

रंग पुन्हा लावला. या वेळी पुरता मुरू दिला. श्रीरंगनं एकेक दात फडक्यानं पुसला, पूड मारली. तीन वाजून गेले. कॅप्टन येऊन आदळआपट करून गेले, उस्तादांनी मानही वर केली नाही.

मी स्टोअरमधून बाहेर आले, आणि भिंग घेऊन आम्ही तिघं चाकावर वाकलो.

एकही रेघ नव्हती.

मी भिंतीला टेकले. श्रीरंगचा तोरा मात्र लगेच परत आला.

“बघा! मघाशी मी हेच तर सांगत होतो.”

उस्तादांनी तपासणीचा कागद पुढे सरकवला आणि पेन त्याच्या हातात कोंबलं.

“मघाशी तू खोटं बोलत होतास. आता कर सही.”