कासवाचे अर्धे वाक्य

एका जंगलाच्या मधोमध खोल दरी होती आणि त्या दरीतल्या सावरीच्या उंच झाडावर एक साळुंकी राहत असे. दरीच्या दोन काठांवरच्या प्राण्यांनी एकमेकांची तोंडे कधी पाहिली नव्हती. पण मुलांनो, ओळख मात्र सगळ्यांची होती. रोज संध्याकाळी जो तो आपापल्या जागेवरून हाक देई आणि साळुंकी अलीकडचे बोलणे पलीकडे, पलीकडचे अलीकडे पोचवी. कुठे गवत कोवळे आहे, कुठली वाट खचली आहे, हे त्या बोलण्यातूनच सगळे एकमेकांकडून शिकत.

साळुंकी हुशार खरी, पण तिचे काम म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी काही विचारले, की प्रश्न पलीकडे पोचायच्या आतच ही उत्तर देऊन मोकळी. कुणी अडखळले, की त्याचे वाक्य हीच पुरे करी. त्यामुळे अलीकडचे लाजरे साळिंदर हळूहळू बोलेनासेच झाले. पलीकडचे रानडुक्कर तेवढे बोलत राही, कारण त्याला थांबवणे साळुंकीलाही जमत नसे. एका संध्याकाळी पलीकडचे कासव आपल्या सावकाश चालीने म्हणाले, "नदीकाठच्या गवतात..."

"गारवा असतो, ठाऊक आहे आम्हाला," असे म्हणून साळुंकी पुढच्या हाकेकडे वळलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या हरिणीचा हंबरडा दरीभर घुमला. तिचे पाडस नदीकाठच्या गवताखाली लपलेल्या खड्ड्यात पडले होते, आणि खड्ड्यात पाणी पाझरत होते. ती एकटी काय करणार? साळुंकीच्या जिभेवर उत्तर तयार होते. तेवढ्यात कासव हळूच म्हणाले, "काल मी तेच सांगत होतो."

साळुंकीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जिभेवरचे उत्तर तिने गिळून टाकले. "कासवदादा, तुमचं राहिलेलं आज पुरं सांगा," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."

रानडुक्कर मध्येच ओरडू लागले, की मी आत्ता नदीच्या बाजूने खणतो. साळुंकीने त्याला आधी कासवाचे ऐकून घ्यायला लावले. हरिणीचा जीव टांगणीला लागला होता, तरी तीही थांबली. कासवाने सांगितले, की नदीच्या बाजूने खणले तर सगळे पाणी आत येईल, टेकडीच्या बाजूची माती भुसभुशीत आहे. मग साळुंकी अलीकडे वळली. "साळिंदरा, बीळ खणण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही. तुला काय वाटतं?"

इतक्या दिवसांत त्याला कुणी नाव घेऊन विचारले नव्हते. साळिंदर म्हणाले, "खड्ड्याच्या काठावरून खणलंत तर कड पाडसाच्या अंगावर ढासळेल. थोडं लांबून, उतरतं खणत न्या." साळुंकीने ते शब्द जसेच्या तसे पलीकडे पोचवले. रानडुक्कर विचारी, साळिंदर सांगे, आणि साळुंकी मध्ये स्वतःचे अक्षरही घालत नसे. रानडुकराने सुळ्यांनी माती उकरली, हरिणीने खुरांनी ती मागे सारली. ऊन उतरायच्या आत पाडस चिखलाने माखून, पण आपल्या पायांनी चढून वर आले आणि थेट आईला लुचू लागले.

त्या संध्याकाळी गप्पा खूप रंगल्या. साळिंदराला तर बोलताना थांबावेसेच वाटेना. शेवटी कासव म्हणाले, "आज आभाळात..." सारे गप्प झाले. चांदणे, ढग, बगळे असे काय काय साळुंकीच्या चोचीपर्यंत आले, पण तिने चोच घट्ट मिटून धरली. बऱ्याच वेळाने कासवाने वाक्य पुरे केले, "...विशेष काही नाही."

दोन्ही काठ हसले. साळुंकी सगळ्यांत मोठ्याने हसली, कारण हे वाक्य तिला जन्मात सुचले नसते.

तात्पर्य : संवाद चालवणाऱ्याने सगळी उत्तरे देऊ नयेत, ज्याच्याजवळ उत्तराचा तुकडा आहे त्याला विचारावे, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे.