रंगाऱ्याने उघडलेल्या पुड्या

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा ढगांनासुद्धा कुठे जायची घाई नव्हती. मनात आलं की ते दुपारभर डोंगरावर टेकून बसत. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर, एक रंगारी राहत होता.

सूत रंगवणं हा त्याचा धंदा. नीळ, हळद, डाळिंबाची साल, सगळं त्याच्या हाताला वश होतं. पण मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून तो जो लाल रंग काढायचा, त्याला सात गावांत तोड नव्हती. त्याच्या घाटाखालून नदी सकाळी निळी आणि दुपारी लाल वाहायची. खालच्या गावातले मासे त्यामुळे गुलाबी झालेत, असं लोक शपथेवर सांगत. मी काही ते पाहिलेले नाहीत.

रंगाऱ्याला एकच लेक होती, नऊ वर्षांची. आई तिची लहानपणीच गेलेली. रांजणांच्या वाफेत वाढलेली ही पोर बापाशेजारी बसायची आणि म्हणायची, "बाबा, हा लाल अजून झोपेत आहे. थोडं थांबा." रंगारी थांबायचा, आणि दरवेळी तिचंच खरं ठरायचं.

एका वर्षी तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, पण जाताना तिच्या डोळ्यांतले रंग घेऊन गेला. अंगणात वाळत घातलेल्या लड्यांकडे बघून तिने विचारलं, "बाबा, सगळं सूत राखेत का बुडवलंत?"

वैद्यांनी हात टेकले. मुलगी रांजणांपाशी येईनाशी झाली. दिवसभर ती राखाडी भिंतीकडे तोंड करून बसे. का, असं विचारलं तर म्हणे, "भिंत तेवढी पूर्वीसारखीच दिसते."

त्याच सुमारास एक म्हातारी चितारीण नदीकाठाने चालत गावात आली. तिच्या टोपलीत पळसाच्या पानांत बांधलेल्या, लाखेने बंद केलेल्या शंभर पुड्या होत्या. एकेका पुडीत पाच गंजिफा. म्हणजे खेळायची गोल पानं, तळहातावर मावतील एवढी, आणि प्रत्येकावर एक चित्र. कुठल्या पुडीत कोणती पानं आहेत, हे म्हातारीलाही आठवत नव्हतं.

"पुडी फोडल्यावर पानावर पहिली नजर ज्याची पडेल, त्याच्या डोळ्यांत त्याचा रंग उतरतो," ती म्हणाली. "मग पान राखेसारखं होतं. एका पानाला एकच नजर."

रंगाऱ्याचा जीव हरखला. "आजी, सगळे रंग एकदम देणारं एखादं पान आहे का?"

"आहे ना. एक हंस आहे. त्याची कड सोनेरी आहे आणि पंखांत सगळे रंग आहेत. पण शंभर पुड्यांत तो एकच हो."

रंगाऱ्याने एक लाल लडी देऊन एक पुडी घेतली आणि तो घराकडे धावला. दारात मात्र थबकला. त्याला वाटलं, साधीच पानं निघाली तर? पोरीचा किती हिरमोड होईल! त्यापेक्षा आपणच आधी बघावं. सोनेरी कड दिसली की डोळे घट्ट मिटायचे आणि पुडी तिच्या हातात द्यायची.

बापाचं प्रेमच ते, त्याला नावं कशी ठेवायची? पण प्रेमसुद्धा कधीकधी भलत्याच दाराने आत शिरतं.

परसातल्या छपरीत जाऊन त्याने लाख फोडली. आत एक पोपट, एक जास्वंद, एक वांगं, एक चिमणी आणि एक कवडी होती. हिरवा आला, लाल आला, जांभळा आला, आणि रंगाऱ्याच्या डोळ्यांत उतरून गेला. हातात पाच राखी चकत्या उरल्या. "साधीच निघाली," असं म्हणून त्याने त्या कोपऱ्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन पुड्या आणल्या, तिसऱ्या दिवशी पाच. पुडी फोडण्याचीही एक चटक असते बरं. लाख कडकन तुटते, ओल्या रंगाचा वास येतो, आणि तेवढ्या क्षणापुरतं आत काहीही असू शकतं. रंगाऱ्याला स्वप्नातही पुड्या दिसू लागल्या. झाडांना लागलेल्या, नदीतून तरंगत येणाऱ्या, ढगांतून हळूहळू उतरणाऱ्या. घरातल्या लड्या संपत आल्या आणि कोपऱ्यातला चकत्यांचा ढीग गुडघ्याएवढा झाला.

एकदा मुलगी भिंतीपासून उठून छपरीत आली. तिने ढिगातली एक चकती उचलली. "बाबा, यावर काय काढलं होतं?"

"काही नाही गं. जास्वंद होती. साधंच पान."

"मी उघडू का एखादी?"

"थांब बाळा. तुझ्यासाठी हंस येतोय." मुलगी परत भिंतीपाशी जाऊन बसली.

नव्याण्णवाव्या पुडीत सोनेरी कड चमकली. डोळे मिटायचे, हे रंगाऱ्याला ठाऊक होतं. पण नव्याण्णव पुड्या फोडलेला हात थांबतो कुठे? पान बाहेर आलं. हंसाने पंख उघडले, आणि सगळेच्या सगळे रंग रंगाऱ्याच्या डोळ्यांत उतरले. ते तिथे आधीपासून होतेच.

त्याच्या हातात राखी हंस उरला. तो हुंदके देत म्हातारीकडे गेला. तिच्या टोपलीत एकच पुडी शिल्लक होती.

"आजी, हंस मीच खाल्ला. आता हिच्यात साधीच पानं असणार."

म्हातारी तापली. "साधं म्हणजे काय रे लेका? तुला रोज दिसतं ते? तिला दिसतं का?"

रंगाऱ्याची मान खाली गेली. त्याने पुडी नेऊन लेकीच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. लाख तुटल्याचा आवाज त्याने ऐकला.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "हा टोळ आहे." मग ती उठली, दारात गेली, डोंगराकडे बघत राहिली आणि रडत रडत हसू लागली. "केवढं हिरवं आहे हो बाहेर!"

त्या पुडीतून तिला पाच रंग मिळाले. टोळाचा हिरवा, पाण्याचा निळा, हळदीचा पिवळा, वांग्याचा जांभळा आणि मातीचा तपकिरी. लाल त्यांत नव्हता. म्हातारी निघून गेली, ती पुन्हा कधी त्या वाटेने आली नाही.

मुलगी परत रांजणांपाशी बसू लागली. पुढे ती बापाहून नावाजलेली रंगारीण झाली. फक्त मंजिष्ठेचा रांजण खाली उतरला की ती थांबायची आणि विचारायची, "बाबा, लाल कसा दिसतो?"

रंगाऱ्याने कितीदा तोंड उघडलं, पण आयुष्यभर त्याला ते सांगता आलं नाही. सगळ्या जास्वंदी त्यानेच उघडल्या होत्या.

म्हणून लहानांनो आणि विशेषतः मोठ्यांनो, ज्याच्यासाठी आणलं, त्याला ते त्याच्याच हातांनी उघडू द्यावं.