निःपक्षपाती वाळवीबाई

फार पूर्वी एका हौशी नाटक मंडळीच्या लाकडी पेटाऱ्यात, पुढच्या हंगामात कोणतं नाटक करायचं हे ठरवायला सामानाची सभा भरली. लाकडी तलवारीला लढाईचंच नाटक हवं होतं; गेल्या वर्षी तिला कुणी पेटाऱ्याबाहेरही काढलं नव्हतं. किटली म्हणाली, "लढाईत चहा कोण पितं गं? घरगुतीच काहीतरी करा." तागाच्या दाढीला ऋषीमुनींचं हवं होतं.

"अध्यक्ष निःपक्षपाती हवा," तलवारीनेच सुचवलं. कुठल्याच नाटकात काम नसलेली एकटी वाळवी निघाली. तिला खुर्ची मिळाली.

"घाई नको," वाळवीबाई तोंडातला घास सांभाळत म्हणायच्या, "सगळ्यांचं सविस्तर ऐकू." असा अध्यक्ष मिळायला भाग्य लागतं, असं तलवारीला वाटे. हल्ली अंग फार हलकं वाटायचं, तेही ती आनंदानेच असेल म्हणून सोडून देई.

शेवटी लढाईचं नाटक ठरलं. पहिल्याच प्रयोगात सेनापतीने आवेशात तलवार उपसली आणि त्याच्या मुठीत वरचा चंदेरी कागद तेवढा उरला.

इकडे पेटाऱ्यात वाळवीबाईंनी ढेकर दिली. "हं दाढीबाई, आता तुमचं सविस्तर ऐकू."