वांग्यांची सोयरीक

खालची आळी आणि माळवाडी यांच्या मधला हा तुकडा दिसतोय ना, त्याला आम्ही सोयरिकीचं वावर म्हणतो. वांग्याच्या झाडांना हळदीचे दोरे आणि फुलांवर मलमलीच्या चिमुकल्या पिशव्या पाहून पाहुण्यांना वाटतं, हा नवसाचा प्रकार असावा. नवस होताच. तो एका बाईने केला, आणि भरितासाठी केला.

पूर्वी म्हणे नदीकाठच्या खालच्या आळीची वांगी हिरवट, गुळगुळीत, आतून लोण्यासारखी असत. पण झाडं नाजूक. ऐन बहरात माना टाकायची. वरच्या माळवाडीची वांगी जांभळी, काटेरी, लिंबाएवढी. चवीला कडू, बियांनी गच्च. झाड मात्र कशानेच मरत नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य खालच्या आळीचा असे, आणि चार महिने वांगं वर्ज्य करणारं गाव त्या दिवसापासून ते खाई.

एका साली खालची सगळी झाडं वाळली. नैवेद्याला माळवाडीची वांगी आणली, तर ते भरीत पुजाऱ्यालाही गिळवेना. खालची माणसं हसली. माळवाडीचे कारभारी कोंडिबा भडकले. "आमचं कडू का होईना, आहे तरी. तुमचं कुठंय?" त्या दिवसापासून दोन वस्त्यांची बोलाचाल बंद झाली.

खालच्या आळीत ठकूबाई नावाची माळीण होती. भरीत म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने देवापुढे हात जोडले आणि सांगितलं, "तुझ्या ताटात न मरणाऱ्या झाडाचं गोड वांगं पडेपर्यंत मी वांगं तोंडात घालणार नाही." शेजारी वांगं भाजायला लागलं की बिचारी उठून नदीवर जाऊन बसायची, असं सांगतात.

पुढच्या साली तिच्या वाफ्यात थोडी झाडं तगली. एका सकाळी तिने पाहिलं, एक भुंगा माळवाडीच्या बाजूने आला आणि पिवळ्या धुळीने माखलेला तिच्या फुलावर बसला. ठकूबाई तडक माळ चढली.

"कोंडिबादादा, फुलं द्या."

"फुलं? वांगी सोडून फुलं कशाला?"

"माझ्या फुलांशी लग्न लावायचंय."

वर्षभर गप्प असलेले कोंडिबा खो खो हसले आणि म्हणाले, "घेऊन जा नवरदेव!"

तिने संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळ्या निवडल्या. बाभळीच्या काट्याने आतले पिवळे केसर काढून टाकले, वर फडकं बांधलं. सकाळी माळवाडीचं फूल अंगठ्याच्या नखावर टिचकी मारून झाडलं, आणि पडलेली धूळ आपल्या फुलाच्या मधल्या टोकाला लावली. अकरा फुलांची लग्नं लागली. सात गळून पडली. चार धरली.

त्यांच्या बियांची झाडं पुढच्या साली ताठ उभी राहिली. जांभळ्यावर हिरव्या रेघांची, मऊ, गोड वांगी लागली. देवाचं ताट भरलं, आणि ठकूबाईने त्या दिवशी पाच रोडगे भरितासोबत खाल्ले म्हणे. मोजणारे कोंडिबाच होते.

तिने त्याच वांग्यांचं बी धरून पुन्हा पेरलं. उगवला तो सगळा गोंधळ. एक झाड काटेरी, एक गुळगुळीत. एक वांगं गोड, दुसरं कडूजहर. निम्मी झाडं वाळलेली. देव कोपला म्हणून ती बांधावर रडत बसली. तेव्हा कोंडिबा स्वतः परडीभर फुलं घेऊन उतरले.

"रडतेस काय? नातवंडं कधी सगळी एका चेहऱ्याची असतात? आजी-आजोबांचं बी आहे ना दोघांकडे? मग लाव पुन्हा लग्न."

"दरसाल?"

"दरसाल. मला तरी खाली यायला निमित्त होईल."

तेव्हापासून खालच्या आळीने आपलं जुनं बी सोडलं नाही आणि माळवाडीने आपलं. एकाचं संपलं तर दोघांच्याही ताटात भरीत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

आजही तुळशीचं लग्न उरकलं की माळवाडीची मंडळी वाजतगाजत फुलं घेऊन उतरतात. दोन्हीकडची माणसं एकमेकांना व्याही म्हणतात, आणि चंपाषष्ठीच्या पंगतीत व्याह्यांसारखीच रुसतात. कुणाला पाट आधी मांडला, कुणाला वाढायला उशीर झाला. पण रुसून उठलेल्याचं पान जरा पाहा. त्यावर भरिताचा कणसुद्धा उरलेला नसतो.