रेडिएटरमधली हळद

शेजारच्या देशातली सुट्टी संपवून सांगलीचे घुगरे मास्तर आणि कुमुदताई मोटारीने घरी निघाले, तर घाटातच रेडिएटर गळायला लागला. गॅरेजचा पत्ता नव्हता. कुमुदताईंनी घरून आणलेली हळदीची पुडी अख्खी रेडिएटरमध्ये ओतली. हळद फुगून चीर बुजली आणि गाडी सरहद्दीच्या नाक्यापर्यंत आली.

मास्तर इतके सरळमार्गी, की त्या देशात शिरताना नाक्यावर दिलेल्या सामानाच्या यादीत त्यांनी हळदसुद्धा लिहिली होती. नाक्यावरच्या साहेबाने नेमकी तीच धरली.

"हळद कुठाय? आमच्या देशात विकलीत ना?"

"रेडिएटरमध्ये आहे, साहेब," मास्तर चाचरत म्हणाले.

"मला शिकवता? यादीतली प्रत्येक वस्तू परत गेलीच पाहिजे. हळद दाखवा, नाहीतर गाडी सोडणार नाही!"

मास्तर यादी पुन्हा चाळू लागले. कुमुदताईंनी मात्र बॉनेट उघडलं आणि साहेबाच्या हातात रिकामी वाटी दिली.

"घ्या काढून. पण हळद निघाली की गाडी बंद पडणार, आणि यादीत पहिलं नाव गाडीचंच आहे. मग ती परत न्यायला ढकलणार कोण? आमचे मास्तर तर सत्तरीचे आहेत."

साहेबाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा आपल्या कडक इस्त्रीच्या गणवेशाकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने फाटक उघडलं.