द्वारकाक्काचा खडक

विषय : मौजे करंजपाट येथील खाडीच्या तोंडावरचा कालवांचा खडक द्वारकाक्काच्या नावे राखून ठेवणेबाबत.
संदर्भ : गावातली जुनी माणसं.

खाडीवर पूल नव्हता आणि गावात कचेरी नव्हती, त्यामुळे कामं वेळेवर होत, त्या काळची गोष्ट. द्वारकाक्का खडकावरची कालवं फोडून विकायची आणि रिकामे शिंपले पुन्हा तिथेच नेऊन ओतायची. कालवाचं पिल्लू जुन्या शिंपल्यावर बसतं, खडक वाढतो. खडकाच्या फटीत कोलंबी, कोलंबीमागे बारकी खरबी मासळी, खरबीमागे मोठी तांबोशी आणि तांबोशीमागे सगळा गाव. शिंपले उकिरड्यावर टाकणाऱ्याला ती असं बोलायची, की त्याची कोंबडी आठवडाभर अंडं देत नसे, असं म्हणतात.

खोताला दुमजली घराच्या चुन्यासाठी शिंपले हवे झाले. ओहोटीला तो पहारी आणि माणसं घेऊन होडीतून खडकावर आला. खडक गेला तर चूल गेली. ती खडकावर फतकल मारून बसली.

"खोतानू, भिंतीर गळ टाकलो तर तांबोशी गावतली काय?"

खोताने होडी भरली. ती इतकी भरली, की खडकावरच रुतली. आता भरती आल्याशिवाय सुटका नव्हती. माणसं पोहून गेली. खोताला पोहता येत नव्हतं, म्हणून तो ऐकत बसला. अक्काने त्याच्या घराण्याचा उद्धार पणजोबापासून सुरू केला.

भरती आली. पाणी अक्काच्या हनुवटीशी पोचलं, तेव्हा ती जेमतेम आजोबांवर आली होती. असं म्हणतात, की समुद्र तिथेच थांबला. बाईमाणूस बोलत असताना मध्ये शिरणं त्याला बरं वाटलं नाही. होडी बोटभरही हलेना. सूर्य कलला, अक्का वडिलांवर आली. पुढचं नाव कोणाचं, हे खोताला कळलं.

"आक्के, पुरे! माका मातयेचीच भिंत बरी!"

"पयले शिंपले होते थंय टाका. मगे समुद्राक सांगतंय."

खोताने स्वतःच्या हातांनी होडी रिकामी केली. अक्का गप्प झाली, तशी अडलेली भरती पुन्हा चढली आणि होडी सुटली.

आजही करंजपाटात कालवं खाल्ली, की शिंपले खडकावर नेऊन ओततात. त्या वेळी गावातली सर्वांत तोंडाळ बाई समुद्राला चार शब्द सुनावते. हा मान मिळवायला बायका वर्षभर सराव करतात.

आता नव्या धक्क्यासाठी तो खडक फोडायचा आहे. गावाने अर्ज केला. मूळ रक्षणकर्तीने समक्ष हजर राहावे, असं उत्तर आलं. गावाने कळवलं, की ती आली तर कचेरीचंच कठीण आहे.

अर्ज प्रलंबित आहे.