सोनेरी दोऱ्याची पुरचुंडी

एका राज्यात उन्हाळा यायचा, पावसाळा यायचा, पण राजाच्या अंगातला हिवाळा काही केल्या जात नसे. राजाचे नाव सूर्यसेन. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरे काय! चुलीवर रटरटणारी आमटी त्याच्या ताटात पडताच गोठे. गारठा आधी त्याच्या पायांत होता, मग गुडघ्यांत चढला, आता छातीशी आला होता. काळजाला भिडला की राजा संपला, असे राजवैद्य सांगून चुकले होते.

हा शाप होता आणि राजाने तो स्वतःच्या हाताने ओढवून घेतला होता. डोंगरमाथ्यावर उकळत्या पाण्याचे कुंड होते. तिथली रीत अशी, की जाणाऱ्याने तांदळाची पुरचुंडी बांधून दोऱ्याने कुंडात सोडायची आणि भात शिजला की हाताला येईल ती पुरचुंडी उचलून खायची. आपली-परकी करायची नाही. तरुणपणी सूर्यसेन तिथे गेला आणि त्याने आपली पुरचुंडी सोनेरी दोऱ्याने बांधली. एका मेंढपाळाने ती सहज उचलली, तर राजाने त्याला चाबकाने फोडले आणि पुरचुंडी पुन्हा पाण्यात पडली. तो मेंढपाळ म्हणजे मांत्रिक धूम्रकेश होता. तो एवढेच म्हणाला, "राजा, इथून पुढे कुठलेही ऊन तुझे होणार नाही."

शापाला उतारा आणायला राजाने कुंडाकडे पालख्या पाठवल्या, घोडेस्वार पाठवले. सारे अर्ध्या वाटेवरून परतले. तेव्हा राजकन्या उत्पलेने पाठीवर पडशी बांधली. तिच्यात मखमली दुलई होती, लाडवांचा डबा होता आणि तळाशी मूठभर तांदूळ. खांद्यावर बोलकी साळुंकी बसली.

"एवढे ओझे घेऊन डोंगर चढता का सासरी निघालात?" साळुंकीने विचारले. उत्पला हसली आणि चालू लागली.

खिंडीत वारा आडवा आला. "मी जन्मभर उघडा आहे," तो म्हणाला. उत्पलेने दुलई सोडली, वाऱ्याने ती पांघरली आणि तो वाटेतच झोपी गेला. ओढ्यापाशी म्हातारे अस्वल बसले होते. "दात पडले, मध मिळत नाही," ते म्हणाले. उत्पलेने लाडू कुस्करून त्याला भरवले आणि अस्वलाने तिला पाठीवरून पलीकडे नेले. शेवटी कड्याच्या तोंडाशी दगडाचा राक्षस उभा राहिला.

"वर राजकन्या जात नाहीत. माणसे जातात."

उत्पलेने मुकुट उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवला. राक्षस लाजला आणि बाजूला झाला. पाठ हलकी झाली, तशी उत्पला गाणे गुणगुणत उरलेला कडा चढून गेली.

माथ्यावर वाफांच्या ढगात कुंड रटरटत होते. काठाशी कांबळे पांघरून धूम्रकेश बसला होता. पाण्यात कितीतरी पुरचुंड्या तरंगत होत्या आणि त्यांच्यात एक सोनेरी दोरा चमकत होता. उत्पलेने ओढणीची दशी काढून आपले तांदूळ बांधले आणि पाण्यात सोडले.

"सोनेरी दोरा ओढा," साळुंकी कानाशी कुजबुजली. "तुमच्या वडिलांचे ऊन त्यातच आहे."

उत्पलेने हात पुढे केला. वडिलांचे निळे ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिचा जीव कळवळला. दोरा बोटांना लागला, तसे तिला कळले, की वडिलांनीही अशीच आपली-परकी केली होती. तिने हात मागे घेतला.

"बाबा, पहिला मान थोरांचा," ती धूम्रकेशाला म्हणाली. "आपण उचलावी. आणि त्या दिवशीबद्दल माझ्या वडिलांना क्षमा करावी."

धूम्रकेशाने सोनेरी दोरा ओढला. पुरचुंडी सुटली. एवढ्या वर्षांनीही भात मोगऱ्यासारखा पांढरा होता. त्याने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. "चाबकाचा वळ आज निवला," तो म्हणाला. "आता वडिलांसाठी एक घे. डोळे मिटून."

हाताला आली ती कुणाची तरी जाड्या तांदळाची पुरचुंडी. उत्पलेने ती उराशी धरली आणि धावत डोंगर उतरली. ती वाटभर गरमच राहिली.

राजाने पहिला घास घेतला आणि त्याच्या तोंडातून वाफ आली. दुसऱ्या घासाला गोठलेले गुडघे वाकले. तिसऱ्याला तो पाटावरून उठला आणि घाम पुसू लागला. घाम बघून मुदपाकखान्यातल्या बायकांनी फुगड्या घातल्या.

"भात कोणाचा?" राजाने विचारले.

"ठाऊक नाही, बाबा."

राजाने उरलेली शिते वेचून खाल्ली. मग त्याने स्वतःची पडशी मागवली.

पुढच्या पुनवेला तो पायी कुंडावर गेला. लोकांच्या रांगेत बसला, साध्या सुतळीने पुरचुंडी बांधली आणि पाण्यात सोडली. भात शिजेपर्यंत त्याने धूम्रकेशाची पाठ चोळून दिली. मग जो तो एकेक पुरचुंडी उचलू लागला.

"महाराज, आपली कुठली?" साळुंकीने विचारले.

राजाने पाण्यात नीट पाहिले. सगळ्या सारख्याच होत्या. त्याने हाताला आली ती उचलली आणि शेजारच्या गुराख्याला जवळ सरकायला सांगून दोघांत उघडली.